स्वामी, सिद्दी आणि सावनूरचा हत्ती

उरणच्या करंजा बंदरातून खाडीपलीकडे पाहिले की रेवस दिसते. लाँच अर्ध्या खाडीत आली की दोन्ही किनारे सारख्याच अंतरावर वाटू लागतात. १९ एप्रिल १७३६ रोजी त्या पलीकडच्या मुलखात चिमाजीअप्पांच्या फौजेने जंजिऱ्याच्या हबशांना गाठले आणि त्यांचा सरदार सिद्दी सात लढाईत पडला. अलीकडे, आपल्या उरणवर, तेव्हा पोर्तुगीजांचा अंमल होता. करंजातल्या कोळ्यांनी पलीकडचा धूर पाहिला असेल, इतके जवळ होते ते सगळे.

या सिद्दी साताने नऊ वर्षांपूर्वी चिपळूणजवळचे परशुरामाचे देऊळ लुटले होते. त्या देवस्थानाची सूत्रे ज्यांच्या हाती होती ते ब्रह्मेंद्रस्वामी. छत्रपती शाहू महाराज त्यांच्या दर्शनाला जात, बाजीराव आणि चिमाजीअप्पा त्यांना गुरू मानत, कान्होजी आंग्र्यांच्या घरातल्या बायका त्यांना मनातले लिहीत आणि जंजिऱ्याचा सिद्दीसुद्धा त्यांचा मान राखून असे. मराठ्यांच्या दरबारात एवढा दबदबा असलेला दुसरा बैरागी अठराव्या शतकात सापडत नाही. साहजिकच त्यांच्याभोवती कथा जमल्या. काही भक्तांनी रचल्या, काही टीकाकारांनी. गंमत अशी, की स्वामींचा पत्रव्यवहार बऱ्यापैकी शाबूत आहे. त्यामुळे या कथांना कागद दाखवता येतो.

गैरसमज : स्वामींचे सिद्दीशी धर्मामुळे वैर होते

वैर झाले, पण त्याआधीची जवळपास तीन दशके दोघांचे छान जमले होते, आणि नेमका हाच भाग सांगताना गाळला जातो.

स्वामींचे मूळ नाव विष्णू. जन्म वऱ्हाडातला, सतराव्या शतकाच्या मध्यावरचा. काशीला ज्ञानेंद्र सरस्वतींकडून संन्यास घेतला, तीर्थे केली आणि १६९८ च्या सुमारास ते चिपळूणजवळच्या परशुराम डोंगरावर येऊन राहिले. हा मुलूख सिद्दीचा होता. खाली वाशिष्ठीच्या काठी गोवळकोट, समुद्राच्या तोंडावर अंजनवेल, दोन्हीकडे सिद्दीची ठाणी. संन्याशाने त्याच राज्यात देवळाचे काम काढले, त्याच राज्यात वर्गणी गोळा केली आणि पेढे व आंबडस ही गावे देवस्थानाकडे आली तीही सिद्दीच्या अंमलात. देवळाच्या कामाला सिद्दीचाही हातभार लागला होता. राज्यकर्त्याने प्रजेच्या देवाला सांभाळावे, देवाच्या माणसाने राज्यकर्त्याशी जुळवून घ्यावे, हा त्या काळच्या कोकणातला साधा व्यवहार.

मग हत्ती आला. हा हत्ती नसता तर कदाचित स्वामी परशुरामावरच वारले असते.

स्वामी दरसाल भिक्षेच्या दौऱ्यावर निघत. १७२६ च्या अशाच एका फेरीत ते कर्नाटकात सावनूरच्या नवाबाकडे गेले. नवाबाने हत्ती दिला. सिद्दी साताला हत्तीची हौस होती आणि स्वामींनी आपल्यासाठी एक आणावा असे त्याने सांगून ठेवले होते. हत्ती निघाला, बरोबर सिद्दीची माणसे, दस्तक वगैरे सगळे व्यवस्थित. पण घाट उतरून कोकणात यायचे म्हणजे आंग्र्यांची हद्द लागते. आंग्र्यांच्या लोकांनी हबशांना हुसकावले आणि हत्ती आपल्या ताब्यात घेतला. सिद्दी साताचा ग्रह झाला की हे स्वामींनीच घडवून आणले. कान्होजी त्यांचा भक्त, मग आणखी पुरावा कशाला? १७२७ च्या महाशिवरात्रीला, ऐन यात्रेच्या दिवशी, तो परशुरामावर चालून गेला. देऊळ लुटले, मोडतोड केली, स्वामींच्या ठेवी काढून नेल्या आणि ठेवी कुठे आहेत हे वदवून घेण्यासाठी ब्राह्मणांना मारहाण केली.

यात धर्म आला तो शेवटी. आधी आला हत्ती, मग संशय, मग ठेवी. आणि जंजिऱ्याच्या मुख्य सिद्दीला आपल्या सरदाराचे हे कृत्य पटले नाही. त्याने स्वामींची समजूत काढायचा प्रयत्न केला, लुटीतले काही परतही करवले. स्वामींनीही आंग्र्यांकडून हत्ती सोडवून सिद्दी साताकडे पाठवून दिला! म्हणजे लुटून झाल्यावरही हिशेब पुरा केला. ज्याला आपण दोन धर्मांचा संघर्ष म्हणून सांगतो, तो तीन सत्तांच्या हद्दीत अडकलेल्या एका जनावराचा खटला होता. मात्र अपमान स्वामींनी गिळला नाही. १७२८ च्या सुमारास ते कोकण सोडून घाटावर गेले. शाहू महाराजांनी साताऱ्याजवळची धावडशी त्यांना इनाम दिली, पुढे वीरमाडे आणि अनेवाडीही त्यांच्याकडे आली. कोकणातल्या भक्तांनी परत येण्याची गळ घातली, ती त्यांनी मानली नाही.

गैरसमज : स्वामींच्या शापाने सिद्दी संपला

शाप लागू पडायला सहा वर्षे तोफा, तारवे आणि पैसा जमवावा लागला. कान्होजी आंग्रे ४ जुलै १७२९ रोजी वारले. स्वामी पत्रांमागून पत्रे लिहीत होते, सगळ्यांना टोचत होते, यात शंका नाही. पण बाजीरावांना त्याआधी गुजरातेतला दाभाड्यांचा प्रश्न निकालात काढायचा होता. जंजिऱ्याची मोहीम उभी राहिली ती १७३३ मध्ये. तीही स्वामींच्या सूडासाठी नव्हे. जंजिऱ्याच्या सिद्दीच्या मृत्यूनंतर त्याच्या वारसांत भांडण लागले होते आणि त्यातला एक गट मराठ्यांना फितूर झाला होता. संधी अशी चालून आल्यावर कोणता पेशवा थांबला असता?

१७३३ च्या जूनमध्ये रायगड परत मिळाला. चव्वेचाळीस वर्षांनी. पण तिथेही तो कोणी घ्यायचा यावरून प्रतिनिधी आणि पेशवे यांच्यात रुसवेफुगवे झालेच. कान्होजींचे पुत्र सेखोजी आंग्रे त्याच साली पावसाळ्यात वारले, आणि त्यांच्या संभाजी व मानाजी या भावांत जुंपली. स्वामींनी मध्यस्थी करून पाहिली. कोणी ऐकले नाही. शेवटी १७३५ मध्ये बाजीरावांनी घराची वाटणी करून दिली : संभाजीकडे सरखेली आणि दक्षिणेकडचा मुलूख, मानाजीकडे ‘वजारतमाब’ हा किताब आणि कुलाबा. आंग्र्यांचे एकसंध आरमार दुभंगले ते तिथे. ज्या गुरूचा शब्द दोन भावांना एका पाटावर बसवू शकला नाही, त्याच्या शब्दाने हबशांचे राज्य बुडाले असे म्हणणे धाडसाचे आहे.

सिद्दी सात पडल्यावर साताऱ्यात मोठा आनंद झाला. शाहू महाराजांनी चिमाजीअप्पांना लिहिताना त्याला रावणाच्या रांगेत बसवले. तरी अंजनवेल आणि गोवळकोट सिद्दीकडेच राहिले. ते कान्होजींचेच आणखी एक पुत्र तुळाजी आंग्रे यांनी घेतले १७४५ च्या आरंभी; म्हणजे परशुराम लुटल्याला अठरा वर्षे झाल्यावर आणि स्वामींच्या मृत्यूच्या काही महिने आधी. आणि जंजिरा? तो कोणालाच मिळाला नाही. सिद्दीचे संस्थान पेशवाई बुडाल्यानंतर एकशे तीस वर्षे टिकले आणि १९४८ मध्ये भारतात विलीन झाले. मुरूडला जाणाऱ्या प्रत्येक पर्यटकाला शिडाच्या होडीतला वाटाड्या किल्ला अजिंक्य राहिल्याचे सांगतोच. त्याच वाटाड्याकडून शापाची कथाही ऐकायला मिळाली तर त्याला एवढेच विचारावे, दोन्ही एका वेळी कसे खरे?

गैरसमज : बाळाजी विश्वनाथांची पेशवाई स्वामींच्या आशीर्वादाची

ही कथा फार गोड आहे. सिद्दीच्या चिपळूणच्या मिठागरावर कारकुनी करणारा श्रीवर्धनचा भट, डोंगरावरचा साधू, साधूने कपाळ पाहून सांगितलेले राजयोग. उरणच्या माणसाला मिठागरावरचा कारकून म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको. आता मिठागरे बंदराच्या आणि सिडकोच्या भरावाखाली गेली असली, तरी गोणी मोजणारा, पावती फाडणारा, आगरवाल्याशी हुज्जत घालणारा तो माणूस आपल्या आजोबांनी पाहिलेला असतो. असा माणूस हिशेबाला पक्का होतो.

दोघांची ओळख कोकणातली, हे खरे. पण तिथून पेशवाईपर्यंतचा रस्ता बाळाजींनी पायी तुडवला. सिद्दीशी बिनसल्यावर ते घाटावर गेले, धनाजी जाधवांच्या हाताखाली वसुलीच्या कामात मुरले, पुणे आणि दौलताबाद प्रांतांची सुभेदारी केली. १७०७ मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले तेव्हा त्यांच्या बाजूला माणसे कमी आणि पैसा त्याहून कमी होता. फौज उभी करून देणारा, सावकारांकडून कर्ज उभारून देणारा माणूस त्यांना हवा होता. १७१३ मध्ये कान्होजी आंग्र्यांनी शाहूंचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांनाच कैद केले, तेव्हा आंग्र्यांशी बोलू शकेल असा कोण, हा प्रश्न उभा राहिला. १७ नोव्हेंबर १७१३ रोजी बाळाजी पेशवे झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी लढाई न करता कान्होजींना शाहूंच्या पक्षात आणले. दोघे कोकणातले, दोघांना सिद्दीचा अनुभव, आणि दोघेही परशुरामाच्या स्वामींना मानणारे. स्वामींचा उपयोग झाला असेल तर तो इथे, दोघांच्या ओळखीतला समान माणूस म्हणून. भविष्य सांगण्यापेक्षा हे काम कितीतरी मोठे आहे, पण त्यावर कीर्तन रंगत नाही.

गैरसमज : स्वामी रोग बरे करत, संतती देत, महिनाभर निराहार समाधीत राहत

दरबारातल्या साधूकडे माणसे दोन गोष्टी मागायला जातात : मूल आणि आयुष्य. स्वामींकडेही तेच मागणे येई. आशीर्वाद जाई, प्रसाद जाई, देवाला नवस होई. फळ मिळाले की बातमी पसरे. न मिळालेल्यांची मोजदाद भक्त ठेवत नाहीत. आपण ठेवू.

शाहू महाराजांच्या दरबारात स्वामींचा शब्द सर्वांत जास्त चालत होता, आणि ज्या गोष्टीची त्या दरबाराला सर्वांत जास्त गरज होती ती म्हणजे गादीला वारस. महाराज १५ डिसेंबर १७४९ रोजी गेले तेव्हा मागे औरस मुलगा नव्हता. रामराजांना दत्तक घ्यावे लागले आणि त्या दत्तकावरून ताराबाईंनी जे रामायण घडवले त्यात छत्रपतींची सत्ता कायमची पुण्याला गेली. बाजीराव २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदेकाठी रावेरखेडीला तापाने गेले, वयाची चाळिशीही पुरी झाली नव्हती. चिमाजीअप्पा त्याच डिसेंबरात गेले, छातीच्या दुखण्याने. ते तर तेहतीस-चौतिसाचे. त्यांचे दुखणे वर्षानुवर्षे चालले होते, गुरूला ते ठाऊक होते. सेखोजी आंग्रे ऐन उमेदीत गेले. शाहू महाराज सोडले तर स्वामी मात्र या सगळ्यांना पुरून उरले आणि नव्वदी ओलांडून २६ जुलै १७४५ रोजी धावडशीला वारले. निष्ठावंत शिष्यांच्या घरातली ही मृत्यूची रांग पाहिल्यावर आरोग्यदानाच्या कथेत काही राम उरत नाही.

समाधीचे प्रकरण थोडे निराळे. श्रावण महिना स्वामी गुहेत एकांतात काढत आणि बाहेर येण्याच्या दिवशी उत्सव होई. हे पक्के आहे. सारा दरबार त्या तारखा पाळत असे. त्यावर चढलेला थर असा, की महिनाभर अन्नपाणी नाही, श्वास नाही. माणसाचे शरीर अन्नाविना काही आठवडे काढते, पाण्याविना काही दिवस, हवेविना काही मिनिटे. श्रावणभर मौन, एकांत, थोडकाच आहार, हे मात्र कोणत्याही मुरलेल्या संन्याशाला जमणारे आहे. शिवाय व्यवहाराच्या अंगाने पाहा : वर्षातला एक महिना हा माणूस कोणालाही भेटत नाही, कोणाला उत्तर देत नाही. तो बाहेर आला की पहिल्या भेटीचा मान कोणाचा, याची चुरस लागणार. दरबारी राजकारणात न भेटण्याचीही किंमत असते.

आजच्या बाबतीत एक सरळ सांगतो. आगरी-कोळी वस्त्यांत भगत अजून आहेत, आणि अंगारा लावल्याने कोणाचे मन शांत होत असेल तर त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. पण साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाण्यापासून अडवून मंत्र घातला, तर महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे.

गैरसमज : स्वामी म्हणजे मराठ्यांचा रासपुतीन

ही अलीकडची, इंग्रजी वाचणाऱ्यांची कथा. तुलना सुचते हे मी समजू शकतो. रशियाच्या झारच्या मुलाला रक्त न गोठण्याचा आनुवंशिक आजार होता. सायबेरियातला एक शेतकरी-साधू त्या मुलाच्या आईला धीर देत राजवाड्यात शिरला आणि १९१६ च्या डिसेंबरात उमरावांनी त्याचा खून केला. पण रासपुतीनची सत्ता एका आजारी मुलाच्या खाटेभोवती होती. ते मूल नसते तर तो पेत्रोग्राडमधल्या शेकडो भोंदूंपैकी एक राहिला असता. ब्रह्मेंद्रस्वामी राजवाड्यात राहिलेच नाहीत. ते साताऱ्यापासून काही कोसांवर स्वतःच्या इनाम गावात राहत आणि राजाला तिथे यावे लागे. त्यांच्यावर राणीच्या महालातले कसलेही बालंट कधी आले नाही. रासपुतीनकडे स्वतःचे असे काही नव्हते. स्वामींकडे गावे होती, कारकून होते, जासूद होते, आणि रोकड होती.

साम्य आहे ते मागाहून रचलेल्या दंतकथांत. रासपुतीनला विष दिले, ते पचले. गोळ्या घातल्या, तरी उठला. शेवटी नदीत बुडून मेला, असे त्याच्या खुन्यांनी आणि नंतर सिनेमावाल्यांनी जगाला ऐकवले. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरला मृत्यूचे कारण बंदुकीची गोळी हेच दिसले. मारणाऱ्याला आपला शत्रू राक्षस असायला हवा असतो. भक्ताला गुरू देव असायला हवा असतो. दोघांचाही कागदाला विरोध.

गैरसमज : स्वामी निःसंग विरागी होते, किंवा, स्वामी नुसते लोभी सावकार होते

इथे दोन पक्ष आहेत आणि दोघांमागे मोठी नावे आहेत. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी १९०० मध्ये स्वामींचे चरित्र आणि पत्रव्यवहार छापला. त्यात स्वामी म्हणजे मराठी राज्याला दिशा दाखवणारे महापुरुष. पुढच्याच वर्षी वि. का. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा तिसरा खंड काढला आणि प्रस्तावनेत या चित्राची चिरफाड केली. राजवाड्यांना लेखणीने मारायची हौस दांडगी. त्यांच्या लेखी समर्थ रामदास कुठे आणि हा व्याजबट्टा करणारा, क्षुल्लक वस्तूंसाठी रुसणारा गोसावी कुठे!

पत्रे वाचली की राजवाड्यांचे बरेचसे पटते. स्वामी पैसे व्याजाने देत. बाजीराव त्यांचे ऋणको होते. माळव्यात, बुंदेलखंडात, दिल्लीच्या वेशीपर्यंत धावणाऱ्या फौजेला दरमहा पगार लागतो आणि चौथाईची वसुली मागाहून येते. मधली पोकळी कर्जाने भरायची. पुण्या-साताऱ्याचे सावकार आधीच भरल्या वह्या दाखवत होते. अशा वेळी गुरू धावून येई, आणि मग गुरूचा तगादाही येई. सावकारांपुढे डोके टेकवून टेकवून आपण जेरीस आलो आहोत, असे बाजीरावांनी ज्या पत्रात कळवळून लिहिले ते पत्र ब्रह्मेंद्रस्वामींनाच लिहिलेले आहे. ज्याने पालखेडला निजामाला कोंडीत पकडले त्या माणसाचे हे शब्द. मला तरी स्वामींच्या चरित्रातले हे सर्वांत बोलके पान वाटते.

पण राजवाडे एक गोष्ट बाजूला सारतात. या पैशाचे स्वामींनी केले काय? मुले नव्हती, वाडे बांधले नाहीत. देवळे बांधली, विहिरी आणि तळी बांधली. परशुरामाचे देऊळ त्यांनी लुटीनंतरही सोडले नाही. पुण्याजवळ यवतच्या डोंगरावरच्या भुलेश्वराला त्यांनी नवे बांधकाम करवले, ते आजही उभे आहे. पैसा घ्यायचा श्रीमंतांकडून, वाढवायचा राज्यकर्त्यांना देऊन, आणि घालायचा दगडात व पाण्यात. याला वैराग्य म्हणता येणार नाही आणि नुसता लोभही म्हणता येणार नाही. आजच्या भाषेत ते देवस्थानाच्या नावाने चालणारी एक पेढी चालवत होते, आणि तिचे मोठे ग्राहक राज्य चालवत होते. त्यांच्या वजनाचे उत्तर मला इथे सापडते. शाहू, पेशवे, आंग्रे आणि कधीकाळी सिद्दी, या चौघांचे आपसात पटत नसे, पण चौघांनाही पत्र लिहू शकणारा, चौघांकडून उत्तर मिळवणारा आणि वेळेला रोकड काढू शकणारा दुसरा कोणी नव्हता. चमत्काराची त्यांना गरजच नव्हती.

स्वभाव मात्र कठीण. रुसवे, टोमणे, शापाची धमकी, हे त्यांच्या पत्रांत भरपूर आहे. मोठ्या माणसांनी ते सोसले. धनको रागावला की ऋणको नमस्कार जरा वाकूनच करतो.

गैरसमज : वसई स्वामींनी जिंकून दिली

उरणच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हा, कारण उरणची सुटका याच मोहिमेच्या ओघात झाली.

वसई पडल्यावर चिमाजीअप्पांनी स्वामींना सविस्तर पत्र लिहिले आणि विजयाचे श्रेय त्यांच्या आशीर्वादाला दिले. भक्तांनी हे पत्र हुकमाचा एक्का म्हणून वापरले. पण गुरूला लिहिलेल्या पत्रात शिष्य दुसरे काय लिहिणार? सुरुंग नीट उडाले म्हणून जिंकलो, असे मुख्य श्रेय देऊन कोणी गुरूला लिहीत नाही. त्याच पत्रात लढाईचे जे वर्णन आहे ते मात्र नीट वाचावे : सुरुंग, दलदल, शिड्या, मेलेली माणसे. आशीर्वादाने बुरूज ढासळत असते तर एवढे मरण कशाला?

मोहिमेची कारणे जमिनीवरची होती. उत्तर फिरंगाणातल्या, म्हणजे वसईकडच्या पोर्तुगीज मुलखातल्या, रयतेला देवधर्म उघडपणे करता येत नव्हता आणि जुने वतनदार नाडले गेले होते. मालाडचे अंताजी रघुनाथ कावळे, अंजूरचे गंगाजी नाईक आणि त्यांचे भाऊ यांनी वर्षानुवर्षे पुण्याला खेटे घातले, वाटा दाखवल्या, माणसे जोडून ठेवली. साष्टीत वखारीला जागा मागणाऱ्या पेशव्यांच्या वकिलाचा फिरंग्यांनी अपमान केला. पोर्तुगीज ठाण्याला नवा किल्ला बांधत होते आणि तो पुरा व्हायच्या आत घाव घालायला हवा होता. तो १७३७ च्या मार्चमध्ये घातला गेला, ठाणे आणि साष्टी मराठ्यांकडे आली. वसईला आणखी दोन वर्षे लागली. १७३९ च्या मेमध्ये किल्ला वाकला. स्वामी या काळात पत्रे लिहीत होते, धीर देत होते, हे कबूल. पण अंजूरकरांनी केलेली पायपीट धावडशीच्या नावावर जमा करणे हा निव्वळ अन्याय आहे.

आता उरण. पोर्तुगीजांकडे उरणचे करंजा बेट दोनशे वर्षे होते. द्रोणागिरीच्या माथ्यावर त्यांच्या गढीचे आणि चर्चचे अवशेष आहेत. वसईवर हल्ले चालू असताना समुद्राची ही बाजू ज्याने सांभाळली तो कुलाब्याचा मानाजी आंग्रे. १७३९ च्या सुमारास त्याने करंजा आणि घारापुरी ही बेटे घेतली आणि मुंबईच्या इंग्रजांच्या नाकासमोर आपली निशाणे लावली. मानाजीला साधुत्वाचे वलय नव्हते. भावाशी भांडणे, कधी पेशव्यांशी संधान तर कधी इंग्रजांशी, असा त्याचा कारभार. म्हणून असेल, पण त्याची कथा कोणी सांगत नाही. त्याने मिळवलेले उरण मराठ्यांकडे पस्तीसएक वर्षे राहिले. १७७४ मध्ये इंग्रजांनी साष्टीबरोबर करंजाही घेतले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ते त्यांच्याकडे कायम झाले.

उरणच्या शाळांतून वसईच्या विजयाचा धडा शिकवला जातो तेव्हा चिमाजीअप्पांचे नाव येते, क्वचित ब्रह्मेंद्रस्वामींचेही येते. शिक्षकांना विनंती एवढीच, की वर्गाच्या खिडकीतून द्रोणागिरी दिसत असेल तर त्या तासाला मानाजी आंग्र्यांचेही नाव घ्यावे.